धंद्याची जन्मतारीख

आमच्या मागच्या इमारतीत राहणाऱ्या एक काकू जेवणाचे डबे देतात. गेल्या वर्षी त्यांना बँकेतून छोटे कर्ज हवे होते आणि त्यासाठी उद्यम नोंदणी करायची होती, म्हणून अर्ज भरायला त्यांनी मला बोलावले. आधार, पॅन, पत्ता, बँकेचे खाते असे सगळे सुरळीत पार पडले आणि ‘व्यवसाय सुरू झाल्याची तारीख’ या रकान्यापाशी आम्ही अडलो. मैत्रिणीची मुलगी वसतिगृहात आजारी पडली तेव्हा काकूंनी तिला पहिला डबा पाठवला, त्याचे पैसे घेतले नव्हते. मग तिच्या खोलीतल्या आणखी दोघींनी विचारले, तेव्हा निदान किराण्याचे म्हणून थोडे पैसे येऊ लागले. पुढे दुसरी शेगडी आली, पोळ्या लाटायला एक बाई येऊ लागल्या, किराण्याची वही घरच्या वहीपासून वेगळी झाली, फूड लायसन्स निघाले आणि दाराशी क्यूआर कोडचा स्टँड उभा राहिला. यांपैकी कोणत्या दिवशी व्यवसाय सुरू झाला, हे काकूंनाही सांगता येईना.

प्रश्न कारकुनी वाटतो, पण नवे उद्योग कसे जन्माला येतात याचा अभ्यास करणारी विद्यापीठीय मंडळी गेली सुमारे चाळीस वर्षे याच रकान्यापाशी अडखळत आली आहेत. जी गोष्ट अजून अस्तित्वातच आलेली नाही, तिचा अभ्यास करायचा कसा? कंपनी उभी राहिल्यावर तिची नोंद सापडते, ताळेबंद सापडतो, संस्थापकाची मुलाखत घेता येते. ती उभी राहण्याआधीचे सहा महिने किंवा तीन वर्षे मात्र कोणत्याही दफ्तरात नसतात, आणि उभ्या न राहिलेल्या धंद्यांचे तर नावही उरत नाही. या अभ्यासाची बरीच धडपड त्या अंधाऱ्या काळात डोकावण्यासाठी आहे.

अर्थशास्त्राला उद्योजक पूर्वीपासून ठाऊक होता. रिचर्ड कँटिलॉन यांचे लेखन त्यांच्या मृत्यूनंतर १७५५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यात उद्योजक म्हणजे ठरलेल्या भावाने माल घेऊन न ठरलेल्या भावाने विकणारा माणूस, अशी कल्पना आहे. पहाटे मार्केट यार्डात भाजी उचलून दुपारपर्यंत ती खपेल की नाही याची खात्री नसलेला हातगाडीवाला या व्याख्येत नेमका बसतो. जोसेफ शुम्पेटर यांनी १९११ मध्ये वेगळी बाजू मांडली: नवी वस्तू, नवी पद्धत, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा स्रोत किंवा नवी संघटना यांची नवी जुळणी करतो तो उद्योजक. दोन्ही व्याख्या उद्योजक अर्थव्यवस्थेत कोणते काम करतो हे सांगतात. तो धंदा कसा उभा करतो, सोमवारी सकाळी उठून नेमके काय करतो, याबद्दल त्या गप्प आहेत.

ती जागा मानसशास्त्राने भरायचा प्रयत्न केला. हार्वर्डचे डेव्हिड मॅक्लेलंड यांचे म्हणणे असे होते की, काही माणसांमध्ये काहीतरी सिद्ध करून दाखवण्याची ओढ इतरांपेक्षा जास्त असते आणि ही ओढ प्रशिक्षणाने वाढवता येते. त्यांचा गाजलेला प्रयोग भारतात झाला. १९६४ मध्ये आंध्र प्रदेशातल्या काकीनाड्याच्या ५२ व्यावसायिकांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत आणून हे प्रशिक्षण दिले गेले, आणि पुढच्या काळात प्रशिक्षण न मिळालेल्यांच्या तुलनेत ही मंडळी नवे उद्योग काढण्यात अधिक सक्रिय दिसली. वाणिज्य शाखेच्या पाठ्यपुस्तकांत ‘काकीनाडा प्रयोग’ आजही भेटतो, आणि उद्योजकता शिकवता येते या आपल्याकडच्या विश्वासामागे त्याचा मोठा वाटा आहे.

मॅक्लेलंड यांच्यानंतर गुणांचा शोध घेण्याची लाटच आली. जोखीम घेण्याची वृत्ती, आत्मविश्वास, नशिबापेक्षा स्वतःवर भरवसा, अशी यादी लांबत गेली. पण या गुणांची माणसे नोकरीत, सैन्यात आणि राजकारणातही भरपूर सापडत होती. कोणाकडे हे गुण आहेत यावरून कोण धंदा काढील हे काही नीट सांगता येईना.

‘धंदा रक्तात असावा लागतो’ हे आपल्याकडचे लाडके वाक्य, आणि मराठी घरांत ते बहुधा स्वतःची समजूत घालण्यासाठी वापरले जाते. या वाक्याची तपासणी करण्याची एक सुरेख युक्ती स्वीडनच्या आकडेवारीत सापडली. तिथे दत्तक गेलेल्या मुलांच्या जन्मदात्या आणि पालनकर्त्या अशा दोन्ही आईवडिलांची नोंद असते. मॅथ्यू लिंडक्विस्ट, योएरी सोल आणि मिर्यम व्हान प्राग यांनी २०१५ मध्ये दाखवले की, जन्मदाते उद्योजक असण्याचा परिणाम होतो खरा, परंतु ज्यांनी वाढवले ते उद्योजक असण्याचा परिणाम त्याच्या सुमारे दुप्पट असतो. म्हणजे रक्तापेक्षा घरातल्या जेवणाच्या वेळच्या गप्पा जास्त कामाच्या. उधारी बुडाली, माल परत आला, दिवाळीत हात मोकळा झाला, हे लहानपणापासून कानावर पडलेल्या मुलाला धंदा ही नोकरीइतकीच साधी गोष्ट वाटते.

१९८८ मध्ये विल्यम गार्टनर यांनी एक लेख लिहिला आणि ‘उद्योजक कोण?’ हा प्रश्नच चुकीचा आहे, असे मथळ्यातच म्हणून टाकले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: उद्योजक ही माणसाची कायमची जात नाही. ती एका काळापुरती भूमिका आहे. जो संस्था उभी करतो तो ती उभी करत असेपर्यंत उद्योजक. ती चालू लागली की तो व्यवस्थापक होतो, मालक होतो किंवा निवृत्त होतो. त्यामुळे माणूस कसा आहे हे विचारण्याऐवजी तो काय करतो हे पाहावे. मला हा लेख या विषयाचा खरा आरंभ वाटतो, कारण त्याने संशोधकांना संस्थापकाच्या व्यक्तिमत्त्वावरून उठवून त्याच्या दिनक्रमापाशी आणून बसवले.

दिनक्रम पाहायचा तर धंदा जन्मण्याआधी माणसाला गाठायला हवे. यशस्वी संस्थापकाला वीस वर्षांनी विचारले तर तो गोष्ट सांगतो, आणि गोष्टीत पहिल्या दिवसापासून सगळे ठरलेले असते. शिवाय ज्यांनी तेच सगळे केले आणि तरीही बुडाले, ते मुलाखतीला मिळत नाहीत. वाचलेल्यांनाच विचारून वाचण्याचे रहस्य शोधण्याची ही चूक संख्याशास्त्रात प्रसिद्ध आहे, पण दुकानांत मिळणाऱ्या यशकथांच्या पुस्तकांना तिचे सोयरसुतक नसते.

समाजशास्त्रज्ञ पॉल रेनॉल्ड्स यांनी यावर खर्चिक, कंटाळवाणा आणि प्रामाणिक उपाय काढला: अमेरिकेत घरोघरी फोन लावायचे. १९९८ ते २००० या काळात पहिल्या फेरीत ६४,६२२ जणांना आणि २००५-०६ मध्ये दुसऱ्या फेरीत सुमारे ३२,००० जणांना विचारले गेले की, तुम्ही सध्या नवा व्यवसाय सुरू करण्याच्या प्रयत्नात आहात काय. नुसते ‘हो’ पुरेसे नव्हते. गेल्या बारा महिन्यांत त्यासाठी प्रत्यक्ष काहीतरी केलेले असावे, धंद्यात स्वतःचा मालकीहिस्सा असावा, आणि धंदा अजून स्थिर झालेला नसावा, अशा चाळण्या लावल्यावर दुसऱ्या फेरीत १,२१४ माणसे हाती आली. या माणसांना पुढची काही वर्षे दरवर्षी पुन्हा फोन केले गेले: जागा घेतली का, पैसे टाकले का, गिऱ्हाईक मिळाले का, सोडून दिले का.

या प्रकल्पाने जन्माची व्याख्याही ठरवली, आणि ती काकूंच्या प्रकरणात आपल्याला पुन्हा लागणार आहे. बारा महिन्यांपैकी सहा महिने तरी आलेल्या पैशातून सगळा खर्च, मालकाच्या स्वतःच्या पगारासकट, भागला तर धंदा जन्माला आला असे मानायचे. सहा वर्षांनी पाहिले तेव्हा ढोबळमानाने एक तृतीयांश जणांनी ही पायरी ओलांडली होती, जवळजवळ निम्म्यांनी नाद सोडला होता, आणि उरलेले सहा वर्षांनंतरही ‘सुरू करतो आहे’ असेच म्हणत होते. शेवटच्या गटाबद्दल मला विशेष जिव्हाळा वाटतो. यशकथांत ते नसतात आणि अपयशाच्या आकड्यांतही मावत नाहीत. पण प्रत्येक गल्लीत असा एक जण असतो ज्याचे काहीतरी कायम ‘चाललेले’ असते.

या पाहणीतून निघालेल्या काही गोष्टी सामान्य समजुतींना धक्का देतात. भागीदार निवडताना माणसे आपल्यात नसलेले कौशल्य शोधतात, असे पुस्तके सांगतात. प्रत्यक्षात ती नवरा, बायको, भाऊ, मेहुणा आणि आपल्यासारख्याच वयाचे, आपल्यासारखेच काम केलेले मित्र निवडतात, हे मार्टिन रूफ आणि सहकाऱ्यांनी याच आकडेवारीतून दाखवले. तसेच यांतले बहुतेक जण नोकरी करत करत धंदा उभा करत होते. ‘उडी मारल्याशिवाय पोहता येत नाही’ असे म्हणणाऱ्यांसाठी दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासाचा निष्कर्षही आहे: आधी नोकरी सांभाळून धंदा करणारे आणि मग नोकरी सोडणारे लोक, एकदम उडी मारणाऱ्यांपेक्षा धंद्यात टिकून राहिले, त्यांनी धंदा बंद करण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी होते.

आता धंदा ‘आहे’ म्हणजे काय? जेरोम कॅट्झ आणि गार्टनर यांनी १९८८ मध्येच चार खुणा सुचवल्या होत्या. पहिली हेतू, म्हणजे हे आपण धंदा म्हणून करतो आहोत ही जाणीव. दुसरी साधने, म्हणजे पैसा, जागा, हत्यारे, हात. तिसरी सीमा, म्हणजे घरचे वेगळे आणि धंद्याचे वेगळे अशी रेघ: वेगळे नाव, वेगळी वही, वेगळे खाते. चौथी देवाणघेवाण, म्हणजे बाहेरच्या कोणाशी तरी झालेला व्यवहार. शाळेत शिकवल्या जाणाऱ्या क्रमात हेतू आधी येतो आणि गिऱ्हाईक शेवटी. काकूंच्या बाबतीत देवाणघेवाण सगळ्यांत आधी झाली, तीही पैशांवाचून; साधने घरचीच होती; सीमा वहीच्या रूपाने आली; आणि हेतू बहुधा उद्यमच्या अर्जासमोर बसल्यावर आला. पाहणीतही हेच दिसले. या टप्प्यांचा ठरावीक क्रम नसतो. कोणी आधी विकतो आणि मग दुकान शोधतो, कोणी फलक रंगवून दोन वर्षे विकण्यासारखे काही शोधत बसतो. या काळाला संशोधक चक्क गर्भकाळ म्हणतात, आणि तो कोणाचा काही महिन्यांचा, तर कोणाचा अनेक वर्षांचा असतो.

मग संधीचे काय? धंद्याची संधी बाहेर कुठेतरी पडलेली असते आणि चाणाक्ष माणूस ती उचलतो, ही कल्पना इस्रायल कर्झनर यांनी १९७३ मध्ये अर्थशास्त्रात नीट मांडली. ती एकाला दिसते आणि शेजाऱ्याला का दिसत नाही, याचे उत्तर स्कॉट शेन यांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिळते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत एक यंत्रपद्धती शोधली गेली होती: पावडरीचा पातळ थर पसरायचा, त्यावर शाईच्या प्रिंटरसारखा चिकट द्रव हवा तिथेच सोडायचा, मग पुढचा थर, असे करत करत वस्तू उभी करायची. त्रिमितीय छपाईचा हा एक आरंभीचा प्रकार. या एकाच शोधावर आठ वेगवेगळ्या गटांनी उद्योग उभा करण्याचा प्रयत्न केला आणि आठांनी आठ वेगळ्या गोष्टी पाहिल्या. ओतकामातल्या माणसाला त्यात साचे दिसले, कोणाला वीजकेंद्रांच्या धुरासाठी सिरॅमिकच्या गाळण्या दिसल्या, कोणाला गोळ्या-औषधे, तर कोणाला कार्यालयात टेबलावर ठेवून पाहण्याचे नमुने. त्यांनी शंभर पर्यायांची यादी करून त्यांतला एक निवडला नव्हता. आधीच्या नोकरीत जे हाताळले होते तेच नव्या यंत्रात दिसले. कोकणातल्या माणसाला फणस दिसला की गरे, साठे, भाजी आणि आठळ्या दिसतात आणि पुण्याच्या माणसाला चिकट हात, तसेच काहीसे.

संधी सापडते की घडवली जाते, यावर अभ्यासकांमध्ये बरेच शब्दयुद्ध झाले. त्यातला कामाचा भाग सरस सरस्वती यांच्याकडून आला. भारतात जन्मलेल्या या संशोधिकेने कार्नेगी मेलन विद्यापीठात, नोबेल मिळालेल्या हर्बर्ट सायमन यांच्या मार्गदर्शनाखाली, २७ अनुभवी संस्थापकांना एक कामगिरी दिली. त्यांच्या कंपन्यांचा आकार २० कोटी डॉलरपासून ६५० कोटी डॉलरपर्यंत होता. प्रत्येकाच्या हातात एका काल्पनिक उत्पादनाचे सतरा पानी प्रकरण ठेवले, उद्योजकतेवरच्या एका संगणकीय खेळाचे, आणि सांगितले की हा धंदा उभा करताना तुम्ही जे काही ठरवाल ते मोठ्याने बोलत ठरवा. टेप चालू होता.

व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवतात ते असे: बाजारपेठ मोजा, तिचे भाग पाडा, सर्वांत फायद्याचा भाग निवडा, मग त्याच्यासाठी लागणारे भांडवल उभे करा. पुढे व्यवस्थापनाच्या ३७ विद्यार्थ्यांना हेच प्रकरण दिले गेले तेव्हा ते बऱ्याच अंशी या वाटेने गेले. अनुभवी मंडळी मात्र बाजारपेठेच्या पाहणीचे आकडे पाहून नाक मुरडत होती. ती विचारत होती की, मी ओळखतो अशा कोणाला हे उद्याच दाखवता येईल? तो पैसे देईल का? देत नसेल तर त्याला काय हवे आहे? सरस्वती यांनीच दिलेली स्वयंपाकाची उपमा इथे चपखल बसते. एक जण आधी पदार्थ ठरवतो आणि मग यादी घेऊन वाण्याकडे जातो. दुसरा फडताळ उघडून काय आहे ते पाहतो आणि त्यातून काय होईल ते करतो. दुसऱ्या पद्धतीत पैशाचा हिशेबही उलटा असतो. किती मिळेल यापेक्षा किती गेले तरी घर चालेल, हे आधी ठरते. सरस्वती त्याला परवडणारे नुकसान म्हणतात.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची वाटचाल या चौकटीतून वाचली तर वेगळी दिसते. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत यंत्रांचे रेखाटन शिकवणारा माणूस, यंत्रांचा हात बसलेला, बेळगावात भाऊ. आधी सायकलींचे दुकान, मग कडबा कापायचे यंत्र, मग लोखंडी नांगर, आणि बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानच्या अधिपतींशी असलेल्या स्नेहातून मिळालेल्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी. नांगराचा कारखाना काढायचा म्हणून सायकली विकल्या, असे यात कुठेही नाही. हाताशी काय आहे, आपल्याला काय येते आणि कोण ओळखीचे आहे, एवढ्यातून प्रत्येक पायरी पुढची पायरी दाखवत गेली. मात्र इथे मीच वर सांगितलेल्या चुकीत पाय घालतो आहे, हे कबूल केले पाहिजे. त्याच काळात फडताळ उघडून रिकाम्या हाताने बसलेले किती कारागीर असतील, त्यांची वाडी कोणी वसवली नाही. सरस्वती यांच्या २७ जणांवरही हाच आक्षेप घेतला गेला आहे: ती मंडळी या विचारपद्धतीमुळे यशस्वी झाली की यश मिळाल्यावर असा विचार करू लागली, हे त्या टेपवरून कळत नाही.

‘असेल त्यात भागवणे’ याची दुसरी, कमी उजळ बाजू टेड बेकर आणि रीड नेल्सन यांनी २००५ मध्ये दाखवली, आणि जुगाडाचे गोडवे गाणाऱ्यांनी ती वाचलीच पाहिजे. त्यांनी साधनांची टंचाई असलेले २९ छोटे व्यवसाय जवळून पाहिले. त्यांतल्या एका शेतकऱ्याच्या रानाखाली कोळशाच्या जुन्या, सोडून दिलेल्या खाणी होत्या आणि त्यांतून मिथेन वायू येत असे. शेजाऱ्यांच्या दृष्टीने ती डोकेदुखी होती. या गड्याने कारखान्यातून टाकून दिलेले जुने डिझेल जनित्र आणले, ते मिथेनवर चालेल असे बदलून घेतले आणि वीज कंपनीला वीज विकू लागला. जनित्राची उष्णता वाया जात होती, म्हणून हरितगृह बांधून त्यात पाण्यावर टोमॅटो वाढवले. कोमट पाणी होतेच, तर त्यात मासे सोडले, आणि माशांच्या विष्ठेवर टोमॅटो पोसले. ऐकायला अद्भुत.

पण उरलेल्यांत संशोधकांना असेही लोक भेटले ज्यांची आवारे जुन्या सुट्या भागांनी भरलेली होती, जे प्रत्येक काम स्वतःच शिकून करत, प्रत्येक गिऱ्हाइकाची वेगळी मागणी पुरी करत, नियमांतून वाट काढत आणि गिऱ्हाइकांचे मित्र होत. असे सगळीकडे, सगळ्या बाबतींत जुगाड करणारे व्यवसाय वाढत नव्हते. दिवसभर माणूस कामात बुडालेला, शेजारी खूश, आणि धंदा पाच वर्षांपूर्वी होता तिथेच. कारण मित्र झालेला गिऱ्हाईक उधारी मागतो, आणि त्याच्यासाठी केलेली खास जोडणी दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. जे एकदोन बाबतींत जुगाड करून इतर ठिकाणी ठरलेला दर, ठरलेली वस्तू आणि ‘नाही’ म्हणण्याची सवय लावून घेत, ते पुढे सरकत. मिथेनवाला शेतकरी याच दुसऱ्या प्रकारातला होता. काकूंकडे एकाला कांदा-लसूण नको, एकाला गुरुवारी उपासाचे, एकाला पोळीऐवजी भाकरी, आणि सगळ्यांना एकच दर. हा अभ्यास मी त्यांना समजावून सांगितला, पण भाकरीवाले आजोबा एकटे राहतात म्हणून भाकरी चालूच आहे.

लेखी आराखडा करावा की नाही, या बँकांच्या आवडत्या विषयावर संशोधनाचा निकाल मजेशीर आहे. स्वीडनमधल्या २२३ नव्या उद्योगांचा अभ्यास करून फ्रेडरिक डेल्मार आणि शेन यांनी २००३ मध्ये सांगितले की, आराखडा करणारे मध्येच गाशा गुंडाळण्याचे प्रमाण कमी असते. पुढच्याच वर्षी बेन्सन होनिग आणि टोमास कार्लसन यांनी स्वीडनमधल्याच ३९६ होतकरू उद्योजकांना पाहून सांगितले की, लोक आराखडा लिहितात ते मागितला जातो म्हणून आणि सगळे लिहितात म्हणून. त्याने कामगिरी सुधारल्याचे दिसत नाही.

या वादातून पुढे नेणारा प्रयोग इटलीत झाला. अर्नाल्डो कामुफो आणि सहकाऱ्यांनी ११६ नवउद्योगांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. प्रशिक्षण दोन्ही गटांना मिळाले, पण एका गटाला शास्त्रज्ञासारखे वागायला शिकवले: तुमची समजूत खोटी ठरू शकेल अशा शब्दांत मांडा, खोटी कशी ठरेल हे आधीच लिहून ठेवा आणि मग तपासा. ‘लोकांना आवडेल’ हे तपासता येत नाही. ‘दहा जणांना विचारले तर निदान चार आगाऊ पैसे देतील’ हे तपासता येते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गटाची कामगिरी सरस ठरली आणि त्यांनी मूळ कल्पना बदलण्याचे प्रमाणही अधिक होते. नंतर ७५९ उद्योगांवर केलेल्या विस्तारित प्रयोगांत आणखी एक गोष्ट उठून दिसली: असे शिकलेले लोक वाईट कल्पना सोडूनही देतात. हार्वर्डच्या व्यवस्थापन शाळेत जॉश लर्नर आणि उल्रिके माल्मेंडियर यांना असाच नमुना दिसला होता. ज्या तुकडीत आधी धंदा करून आलेले विद्यार्थी जास्त, त्या तुकडीतून पुढे धंदा काढणारे कमी निघाले. आणि घट झाली ती मुख्यतः बुडणाऱ्या धंद्यांत. हात पोळलेला मित्र शेजारी बसला की माणूस तव्याला जपून हात लावतो.

हे सगळे मुख्यत्वे पैसेवाल्या देशांतले. आपल्याकडे बहुसंख्य छोटे धंदे संधी दिसली म्हणून निघत नाहीत. दुसरे काम मिळत नाही म्हणून निघतात. लंडन आणि अमेरिकेतल्या दोन व्यवस्थापन शाळांनी १९९९ पासून चालवलेल्या जागतिक पाहणीतही नाइलाजाने आणि संधी पाहून असे दोन प्रकार वेगळे मोजण्याची प्रथा पडली. या फरकाचे वजन हैदराबादेत दिसले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी तिथल्या १०४ वस्त्यांपैकी ५२ वस्त्यांत सूक्ष्म कर्ज देणारी संस्था आधी पाठवली आणि दोन्हींची तुलना केली. आधीपासून धंदा असलेल्यांनी कर्जातून गुंतवणूक वाढवली; परंतु सरासरी घराचा महिन्याचा खर्च, म्हणजे राहणीमान, बदलले नाही. कर्ज मिळाले म्हणून नव्याने निघालेले धंदे बहुतेक लहानच राहिले. बरीच वर्षे लोटल्यावर पुन्हा पाहिले तेव्हाही फायदा टिकला होता तो कर्ज येण्याआधीच धंद्यात असलेल्यांचा. भांडवल नसणे ही अडचण खरी आहे, पण ती सगळ्यांची पहिली अडचण नसते.

वयाबद्दलही एक गोष्ट सांगायची राहिली, कारण काकू पन्नाशीच्या आहेत. वसतिगृहाच्या खोलीत कंपनी काढणारा विशीतला मुलगा हे चित्र आपल्या डोक्यात पक्के बसले आहे. पिएर अझूले आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या सरकारी नोंदींतून सुमारे २७ लाख संस्थापकांची वये काढली. सरासरी वय ४१.९ निघाले, आणि हजारात एक अशा सर्वांत वेगाने वाढणाऱ्या उद्योगांच्या संस्थापकांचे सरासरी वय ४५.

उत्सुकता म्हणून मी रेनॉल्ड्स यांची कसोटी काकूंच्या वहीला लावून पाहिली. भाजी, किराणा, गॅस, पोळ्यांच्या बाईंचा पगार, पोचवणाऱ्या मुलाचे पेट्रोल, सगळे लिहिलेले होते. काकूंचा पगार नव्हता. पोळ्यांच्या बाईंच्याच दराने काकूंचे पहाटे साडेचारपासूनचे तास धरले, तर बारा महिन्यांपैकी चारच महिने नफ्यात राहिले, आणि कसोटी सहा मागते. मी हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘मला मीच पगार देणार आणि मीच घेणार, मग वहीत लिहायला वेळ कोण देणार?’’ तारखेचा तिढा त्यांच्या मुलाने सोडवला. क्यूआर कोड चालू झाल्याचा संदेश फोनमध्ये अजून होता, तीच तारीख रकान्यात गेली. त्या दिवशी रोजचे अकरा डबे जात होते.